७२७ एचपी, २४३५ किलो आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात नव्या बीएमडब्ल्यू एम५चा तपशील छापला होता. त्यावर आलेली निम्मी पत्रं रागाची आहेत, निम्मी हरखून गेलेल्यांची. ज्यांच्या हाती तो अंक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ४.४ लिटरचं व्ही८ इंजिन (व्हीच्या आकारात मांडलेले आठ सिलिंडर), त्यावर दोन टर्बो (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम गॅसवर, म्हणजे एक्झॉस्टवर, फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारे पंखे), गिअरबॉक्समध्ये बसवलेली इलेक्ट्रिक मोटर, एकूण ७२७ एचपी, १००० न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर), ताशी ०ते १०० किलोमीटर साडेतीन सेकंदांत आणि वजन २४३५ किलो. भारतात ती नोव्हेंबर २०२४मध्ये आली, एक्स-शोरूम १ कोटी ९९ लाखांना. मी तुर्भे एमआयडीसीत टर्बो दुरुस्त करतो. ट्रकचे, टेम्पोचे आणि हल्ली बरेचसे मोटारींचे. उत्तरं त्याच नजरेने दिली आहेत.

काका, आधीची एम५ कॉम्पिटिशन ६२५ एचपीची होती आणि १०० गाठायला ३.३ सेकंद घ्यायची. नवीत शंभर एचपी वाढले तरी ३.५ सेकंद. मग ही प्रगती कसली? आणि इंजिन ५८५, मोटर १९७ म्हणजे बेरीज ७८२ होते. ७२७ कुठून आले?
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोपरखैरणे)

बेरजेचं आधी सांगतो. इंजिनाची सर्वात जास्त ताकद वरच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) मिळते. मोटरचा जोर सुरुवातीला असतो, वर जाता जाता तो कमी होतो. दोघांची शिखरं एकाच क्षणी येत नाहीत, म्हणून कागदावरची बेरीज रस्त्यावर उतरत नाही. गिअरबॉक्सला किती टॉर्क सोसेल हेही कंपनीला पाहावं लागतं.

आता तुझा राग. तो रास्त आहे, मला पटतो. आधीची गाडी १९०० किलोच्या आसपास होती, म्हणजे टनामागे सव्वातीनशे एचपी. नवीत तोच हिशेब २९९वर येतो. पाचशे किलोंच्या आसपास वजन वाढलं आणि वाढलेली ताकद त्यातच खपली. ०ते २००चे आकडे बघ: जुनी १०.८ सेकंद, नवी १०.९. १९८०च्या दशकातली पहिली एम५ सहा सिलिंडरची, २८६ एचपीची, चौदाशे किलोंच्या जरा वरची होती. तिच्यापासून या नावावर जीव असलेल्या माणसाला २४३५ हा आकडा टोचणारच.

पण मित्रा, दोन दशांश सेकंदांवरून भांडू नकोस. सिग्नलवरून सुटताना मोटर हे वजन झाकून टाकते. ते बाहेर पडतं ब्रेक मारताना. ताशी १०० किलोमीटर वेगातून थांबायचं तर नवीच्या ब्रेकना जुनीपेक्षा पाव हिश्श्याहून जास्त उष्णता झेलावी लागते, कारण गतीची ऊर्जा थेट वजनाच्या प्रमाणात वाढते. कसारा घाट रिकाम्या आणि भरलेल्या ट्रकने उतरलेल्या ड्रायव्हरला विचार, तो सूत्र न लिहिता हेच सांगेल. वळणावर टायरचंही तेच. कंपनीने मागची चाकं थोडी वळतील अशी सोय केली आहे, तिने गाडी चपळ वाटेल, पण टायरवरचा भार हलका होणार नाही.

मग मोटर घातलीच कशाला? युरोपात कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांचा मिळून सरासरी कार्बन डायऑक्साइड मोजतात आणि मर्यादा ओलांडली की दंड पडतो. प्लग-इन हायब्रिडला, म्हणजे इंजिनासोबत प्लगला लावून चार्ज होणारी बॅटरी असलेल्या गाडीला, चाचणीत खूप सवलत मिळते. म्हणून ही गाडी आली तेव्हा इतक्या मोठ्या व्ही८चा अधिकृत आकडा किलोमीटरला ४० ग्रॅमच्याही आत होता. मोटर नसती तर बहुधा व्ही८ही उरलं नसतं. मर्सिडीजच्या एएमजी सी६३चं काय झालं ते तू पाहिलंसच. तिथे व्ही८ जाऊन दोन लिटरचं चार सिलिंडर आलं, ६८० एचपीसकट. दोन्हींतलं एक निवडायचं तर मी वजन पत्करेन आणि आठ सिलिंडर ठेवेन.

दोन्ही टर्बो इंजिनाच्या मधोमध, व्हीच्या खाचेत बसवलेत असं वाचलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये हे टिकेल का?
(गॅरेजमालक, वागळे इस्टेट)

दादा, माझ्या आवडीचा प्रश्न विचारलात. एरवी व्ही इंजिनाचा एक्झॉस्ट बाहेरच्या अंगाला निघतो आणि टर्बो दोन बाजूंना लटकतात. इथे उलटं आहे. एक्झॉस्ट आतल्या बाजूला सोडून टर्बो खाचेत बसवले आहेत. गॅसचा प्रवास आखूड होतो, टर्बाइन (टर्बोचं एक्झॉस्टकडचं चाक) लवकर फिरायला लागतं, लॅग, म्हणजे पाय दाबल्यापासून जोर मिळेपर्यंतचा उशीर, कमी होतो. उरलेला लॅग मोटर भरून काढते, कारण तिला टॉर्क द्यायला कशाची वाट बघावी लागत नाही. मांडणी म्हणून ही मला मनापासून आवडते.

किंमत मोजायची ती उष्णतेची. पूर्ण जोरात पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट ९०० अंशांच्या पुढे जातो, आणि टर्बाइनच्या चाकापासून चार बोटांवर बेअरिंग असतं, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगणारं. शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. माझ्याकडे टर्बो आला की मी आधी शाफ्टचं टोक चिमटीत धरून वर-खाली हलवतो. केसभर हालचाल हवीच, ती जागा तेलाची. पण पाती हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) लागून खरखर आली की उघडावाच लागतो. आत बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते: बुशच्या (बेअरिंगच्या) भोकांत काळा, चकचकीत थर, नखाने खरवडून निघत नाही असा. ते जळून घट्ट झालेलं तेल. गाडी तापलेली असताना चावी फिरवून इंजिन बंद केलं, तेल वाहायचं थांबलं आणि जिथे होतं तिथेच भाजलं.

नव्या गाड्यांत त्यावर उपाय असतो. टर्बोच्या हाउसिंगमधून कूलंट फिरतं आणि इंजिन बंद झाल्यावरही इलेक्ट्रिक पंप ते फिरवत राहतो. बॉनेटखालून नंतर घरघर ऐकू आली तर घाबरून बॅटरीची तार काढू नका, असं गिऱ्हाइकाला जरूर सांगा. ट्रॅफिकचं म्हणाल तर कापूरबावडीला रांगेत उभ्या गाडीच्या टर्बोवर जोर नसतो, आणि ही गाडी तिथे विजेवरच सरकेल. मला काळजी एक्स्प्रेसवे दामटवून थेट फूड मॉलच्या दारात इंजिन बंद करणाऱ्यांची वाटते. शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवायचे आणि पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या आधी तेल बदलायचं. टर्बोला तेल पुरवणाऱ्या नळीच्या पोकळ, बँजो बोल्टवर सीलंट फासू नका. त्याचा तुकडा आत गेला की नवा टर्बोही हातचा जातो.

आवाज स्पीकरमधून येतो हे खरं का?
(वाचक, नेरूळ)

काही भाग, हो. २०११मध्ये एम५ला पहिल्यांदा टर्बो आले तेव्हापासून केबिनमध्ये आवाजाला स्पीकरची जोड आहे. टर्बो एक्झॉस्टचा आवाज खातो, त्याला इलाज नाही. त्याआधीचं व्ही१० सव्वाआठ हजार आरपीएमपर्यंत ओरडायचं, ते परत येणार नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं.

आम्ही कासारवडवलीला राहतो, दवाखाना ऐरोलीत. यजमानांचं मन या गाडीवर बसलंय. सोसायटीत चार्जिंग जमेल का? रोजचं जाणं-येणं विजेवर होईल?
(डॉक्टर, ठाणे)

ताई, रोजचं जाणं-येणं आरामात होईल. कागदावर विजेवरचा पल्ला ६७ किलोमीटरच्या आसपास आहे. एसी आणि ट्रॅफिक धरून पन्नास पकडा. वापरता येणारी बॅटरी १८.६ युनिटची आहे. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर सहा-सात तास, म्हणजे रात्रीत भरते. सॉकेट तुमच्या मीटरवरून, वेगळ्या एमसीबीसह (आपोआप पडणाऱ्या स्विचसह) आणि चांगल्या अर्थिंगने घ्या. सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या, नाहीतर वार्षिक सभेत विषय निघतोच.

पण त्याआधी पार्किंग बघा. जागा स्टॅकमधली (एकावर एक गाड्या उचलून ठेवणाऱ्या यंत्रातली) असेल तर खांबावरची पाटी वाचा. जुन्या स्टॅकवर २००० किलोंची मर्यादा मी स्वतः पाहिली आहे. तिथे ही गाडी चढवायची नाही, वॉचमन काहीही म्हणो. रुंदीही आरशांशिवाय १९७ सेंटिमीटर आहे. यजमानांना मोजपट्टी घेऊन खाली पाठवा आणि दार उघडून माणूस बाहेर पडेल इतकी जागा उरते का तेही बघायला सांगा. बुकिंगची रक्कम त्यानंतर.

माझी एक लिटर टर्बो सेडान आहे, ११५ एचपीची. ७२७ वाचून डोकं फिरलं. रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून, १५० करावी म्हणतो. पाम बीच रोडवर रात्री टेस्ट करता येईल.
(वाचक, सानपाडा)

१५०चा आकडा लॅपटॉपवर दिसेल. पण तो काढायला छोट्या टर्बोला नेमून दिलेल्या वेगाच्या पलीकडे फिरावं लागतं. कॉम्प्रेसर त्याच्या मर्यादेबाहेर गेला की हवा कमी आणि उष्णता जास्त देतो, मग नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोकठोक) सुरू होतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा पाडून तुझे वाढवलेले एचपी परत घेतो. वॉरंटी जाते ती वेगळीच. करायचंच असेल तर डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) आधीची आणि नंतरची नोंद देणाऱ्याकडेच जा, एक्झॉस्टचं तापमान आणि बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) दोन्ही नोंदवायला लाव आणि सव्वाशे-एकशेतीसवर थांब.

पाम बीचवर मात्र नाही. त्या रस्त्यावर रात्री कामावरून परतणारे सायकलवाले असतात. वेगाची हौस असेल तर कोइंबतूरचा करी ट्रॅक किंवा चेन्नईचा सर्किट आहे, ट्रॅक डे लागले की पैसे भरून जाता येतं. निघायच्या आधी गाडी माझ्याकडे आण. इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या रेडिएटरचे) पाइप आणि क्लिपा तपासून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.