आधी त्याचं दुखणं ऐका, व्हिडिओचं नंतर बघू

ताई, अंबडच्या कंपनीतून काढल्यापासून फिटर भाऊ एका समाजाविरुद्धचे विखारी व्हिडिओ पाठवतो आणि खोटेपणा दाखवला की जास्तच चिडतो, असं तुम्ही लिहिलंय. मी नाशिकरोडला अभ्यासिका चालवतो. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांमध्ये हे बरंच पाहिलंय.

मेख अशी आहे की सुरुवात खोट्यापासून होतच नाही. नोकरी गेली, कांद्याला भाव नाही, भरती रखडली, हे खरंच असतं. या दुखण्यावर पहिल्यांदा बोट ठेवणारा माणूस आपला वाटतो. मग तो हळूच सांगतो, 'हे त्यांच्यामुळे.' पुढे पुढे 'ते' माणसंच उरत नाहीत. रवांडात १९९४ च्या नरसंहाराच्या वेळी आरटीएलएम नावाचा रेडिओ तिथल्या तुत्सी समाजाला झुरळं म्हणायचा, आणि लोक तो ऐकायचे गाण्यांसाठी, थट्टामस्करीसाठी. आपल्याकडे ते काम मीम करतात.

अर्धवट कापलेलं चित्र तर हुकमी. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा होता. मूल परत आणून सोडतात तेवढाच भाग उडवलेला. त्या जुलैत असल्याच अफवेतून धुळ्याच्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना मारून टाकलं.

अभ्यासिकेत मी एकदा पोरांना सांगितलं, 'भाव पडले ते डावखुऱ्यांमुळे' असा मेसेज तयार करा. दहा मिनिटांत तयार! 'मीडिया हे दाखवणार नाही', 'आत्ता जागे झाला नाहीत तर', सगळा मसाला. आमच्यातला एक डावखुरा आधी खूप हसला, नंतर गप्पच झाला. त्यानंतर असे मेसेज आले की पोरंच म्हणतात, 'सर, डावखुरा आला.' लस टोचावी तसा हा प्रकार. विल्यम मॅक्ग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकातच ही कल्पना मांडली होती.

घरच्या ग्रुपवर मात्र त्याला खोडू नका. काका-मामांसमोर हार कोण मानेल? गंगापूर धरणाकडे गाडीवर घेऊन जा, आधी नोकरीचं बोलू द्या. मग सहज विचारा, 'हे बघून तू नेमकं काय करावंस असं हे व्हिडिओ बनवणाऱ्यांना वाटतंय?' उत्तर लगेच येणार नाही. तो कुणाला मारायची, हत्याराची भाषा करू लागला तर मात्र घरात झाकून ठेवू नका, पोलिसांशी बोला.

आणि सिन्नरच्या एमआयडीसीत माझी थोडी ओळख आहे. त्याचा बायोडेटा पाठवा.