लहान गावातल्या जुन्या गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात नेमके काय मिळत असे, आणि तशी दुकाने आता का दिसत नाहीत?

आपला प्रश्न वाचताच मला अंबाजोगाईतील एक दुकान आठवले. माझे बालपण तिथे १९८० च्या दशकात गेले. योगेश्वरी देवीच्या मंदिराकडे जाताना लागणारे ते दुकान जेमतेम एका खणाचे होते. आम्ही सारी मुले दुकानदारांना मामा म्हणत असू.

फळीवर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असत. लिमलेटच्या गोळ्या, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, साखरफुटाणे, गुडदाणी, राजगिऱ्याचे लाडू आणि बत्तासे सुटे मिळत. कागदात गुंडाळलेल्या मालात पारलेची किसमी आणि रावळगावच्या गोळ्या असत. हे रावळगाव म्हणजे मालेगाव तालुक्यातले गाव, जिथे वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारला, हे मला फार उशिरा कळले. पावसाळ्यात मामा बरणीचे झाकण क्षणभरही उघडे राहू देत नसत, कारण हवेतला ओलावा लागला की लिमलेटच्या गोळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो.

मात्र त्या दुकानाचे खरे वैभव मागच्या खोलीत होते, कारण तिथे भट्टी होती आणि निम्मा माल मामा स्वतः करत. संक्रांतीआधी रेवड्या होत. घट्ट शिजवलेला गुळाचा पाक किंचित निवला की ते तो भिंतीतल्या खुंटीवर टाकून ओढत, दुमडून पुन्हा ओढत. ओढता ओढता त्यात हवा शिरे आणि तपकिरी पाक डोळ्यांदेखत फिका व चमकदार होई. मग त्याचे बारीक तुकडे कापून भाजलेल्या तिळांत घोळवायचे. पाक जास्त निवला तर ओढला जात नाही आणि गरम असताना धरला तर हात भाजतो. मामांच्या तळहातांवरचे घट्टे मला अजून आठवतात.

फाल्गुन लागला की साखरगाठ्यांची घाई सुरू होई. आमच्याकडे होळीला लहान मुलांच्या गळ्यात गाठ्या घालतात आणि पाडव्याला गुढीला बांधतात, त्यामुळे मागणी दोन्ही सणांना असे. साखरेच्या पाकात थोडे दूध घालून वर आलेली मळी काढायची, लाकडी साच्यांत दोरा अंथरायचा आणि त्यावर पाक ओतायचा. काही मिनिटांत तो थिजला की साचा उघडून अखंड माळ बाहेर काढायची. दोरा मधोमध बसला नाही तर पदक गळून पडे, आणि अशी गळालेली पदके मामा दारात उभ्या असलेल्या मुलांना वाटून टाकत. आम्ही त्यासाठीच शाळेतून परस्पर तिकडे जात असू.

अशी दुकाने का सरली, याचे एकच कारण सांगणे मला पटत नाही. सुट्या मालाला सुटे पैसे लागत आणि चार आण्यांना काहीच येईनासे झाले. ३० जून २०११ पासून तर ते नाणे चलनातूनच गेले. दरम्यान वेष्टनातल्या गोळ्या किराणा दुकानांतही पोहोचल्या, तेव्हा वेगळ्या गोळ्यांच्या दुकानाची गरज कमी झाली. त्या कंपन्यांचेही सारे टिकले असे नाही. रावळगावची पान पसंद आणि मँगो मूड ही नावे २०२४ मध्ये रिलायन्स समूहाकडे गेली. तरीही माझ्या मते सर्वांत मोठे कारण भट्टीचे कष्ट हेच आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर उकळत्या पाकापाशी दिवसभर उभे राहण्याचे काम पुढच्या पिढीने का पत्करावे?

मामांच्या मुलाने आता तिथे मोबाइल दुरुस्तीचे दुकान थाटले आहे. पण होळीच्या आधी पंधरा दिवस तो मागची खोली उघडतो, वडिलांचे साचे भिजत घालतो आणि गाठ्या करतो. गेल्या वर्षी मी नातीसाठी माळ घ्यायला गेलो, तेव्हा त्याने माळेबरोबर एक गळालेले पदक न विचारता तिच्या हातावर ठेवले.