मंत्रपुष्पांजलीतलं ‘भौज्य’, ‘वैराज्य’ आणि ‘एकराळिति’

गिरगावातल्या एका चाळीतून प्रश्न आला आहे: ‘गणपतीत आरत्या संपल्या की हातात फुलं-अक्षता घेऊन आम्ही सगळे मंत्रपुष्पांजली म्हणतो. त्यातली साम्राज्य, भौज्य, स्वाराज्य, वैराज्य ही वेगवेगळी राज्यं आहेत की एकाच अर्थाचे शब्द? आणि एकराळिति म्हणजे काय? ‘ते ह नाकं’ आलं की पोरं नाकाला हात लावून हसतात, त्यांना काय सांगायचं?’

पोरांचं आधी. ‘क’ म्हणजे सुख, ‘अक’ म्हणजे दुःख, आणि जिथे दुःख नाही तो ‘नाक’, म्हणजे स्वर्ग. ही फोड यास्काच्या निरुक्तातली, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथातली आहे.

आता राज्यं. ती वेगळी आहेत, आणि बहुतेकांना दिशासुद्धा आहे. पुष्पांजलीचा हा भाग ऐतरेय ब्राह्मण या ऋग्वेदाच्या ब्राह्मणग्रंथातला (म्हणजे यज्ञविधी समजावणाऱ्या ग्रंथातला), आठव्या पंचिकेतला; पंचिका म्हणजे पाच अध्यायांचा गट. तिथे विषय चालू आहे राज्याभिषेकाचा: देवांनी इंद्राला अभिषेक कसा केला आणि तोच विधी राजाला कसा करावा. त्यात म्हटलंय, पूर्वेकडच्या राजांना साम्राज्यासाठी अभिषेक होतो, त्यांना ‘सम्राट्’ म्हणतात. दक्षिणेकडे सत्वत नावाच्या लोकांचे राजे, त्यांना भौज्यासाठी, ते ‘भोज’. पश्चिमेकडचे ‘स्वराट्’, उत्तरेकडचे ‘विराट्’ आणि मधल्या प्रदेशातले कुरु-पांचाल नुसते ‘राजा’. पारमेष्ठ्य मात्र ऊर्ध्व दिशेचं. ‘भौज्य म्हणजे भोग्य वस्तूंनी भरलेलं राज्य’ असा अर्थ सर्रास सांगितला जातो. पण मूळ संदर्भ पाहिला की तो पुरा पडत नाही. इथे ते दक्षिणेकडच्या राजपदाचं नाव आहे.

वैराज्यापाशी जरा थांबायला हवं. इतर दिशांना ‘तिथले राजे’ असा उल्लेख येतो. उत्तरेला मात्र ‘हिमवंतापलीकडचे जे जनपद, उत्तरकुरू आणि उत्तरमद्र’ असं म्हटलंय. म्हणजे अभिषेक राजांना नव्हे, जनपदांना, तिथल्या लोकांना! यावरून इतिहासकार काशीप्रसाद जयस्वाल यांनी वैराज्य म्हणजे राजा नसलेली शासनपद्धती, असा अर्थ लावला. दुसरा अर्थ ‘वि-राज्’मधून निघतो: विशेष शोभणाऱ्याचं, श्रेष्ठाचं राज्य. मला इथे दुसरा पटतो, कारण हे शब्द एका राजाला मिळाव्यात अशा गोष्टींच्या यादीत आहेत आणि राजालाच राजा नसलेलं राज्य मागण्यात अर्थ नाही. पण जनपदांचा तो उल्लेख डोळ्याआड करता येत नाही, हेही खरं. घाईत ‘वैराग्यं’ म्हणू नका एवढं नक्की. त्याने अर्थ अगदी उलटा होतो.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘आधिपत्यमयं’चा. तो ‘सुखमय’सारखा शब्द नाही. ‘आधिपत्यम् + अयं’ अशी दोन पदं आहेत. मूळ वाक्य लांबलचक आहे: ‘हा क्षत्रिय सर्व जय मिळवो, सर्व राजांत श्रेष्ठ होवो, साम्राज्य, भौज्य… आधिपत्य यांना पोहोचो, हा सर्व सीमांपर्यंत जाणारा सार्वभौम होवो, असं ज्याला वाटेल…’ आपण म्हणतो तो त्यातला मधला तुकडा. त्यामुळे ‘पोहोचो’ हे क्रियापद मागे राहिलं, आणि ‘अयं’ म्हणजे हा कोण, तेही. तो राजा आहे. म्हणताना ‘आधिपत्यम्’वर किंचित थांबा आणि ‘अयं समन्तपर्यायी स्यात्’ एका दमात घ्या.

एकराळिति म्हणजे ‘एकराट् + इति’. एकराट् म्हणजे एकमेव राजा. ऋग्वेदाच्या परंपरेत दोन स्वरांमध्ये आलेल्या ‘ड’चा ‘ळ’ होतो, म्हणूनच पहिल्या ऋचेत ‘अग्निमीळे’ आहे. इथेही ट् चा ड् आणि मग ळ् झाला. शेवटची ‘इति’ त्या वर सांगितलेल्या इच्छेची अखेर दाखवते.

‘आन्तादापरार्धात्’ हे ‘आ अन्तात्, आ परार्धात्’ असं तोडायचं. ‘आंतादा’ असा शब्द नाही. परार्ध ही मोठी संख्या घेऊन कुणी ‘परार्ध वर्षांपर्यंत’ असा अर्थ करतात. मी तो घेणार नाही. पुढे लगेच ‘पृथिव्यै समुद्रपर्यन्तायाः’ आहे, म्हणजे समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा. (‘पृथिव्यै’ दिसायला चतुर्थी आहे, पण ब्राह्मणग्रंथांच्या भाषेत अशी रूपं षष्ठीच्या अर्थानेही येतात.) तेव्हा अर्थ जागेचाच: या टोकापासून पलीकडच्या अर्ध्यापर्यंत.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी शेवटचा श्लोक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘मरुतः परिवेष्टारो मरुत्तस्यावसन् गृहे.’ परिवेष्टा म्हणजे पंगतीत वाढणारा, आपला वाढपी. अविक्षिताचा मुलगा मरुत्त, म्हणून तो ‘आविक्षित’. त्याच्या घरी साक्षात मरुत् देव वाढपी होते, आणि विश्वेदेव सभासद. हा सभासद तोच, जो मुंबईतल्या प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर असतो: सभेत बसणारा. ‘कामप्रेः’ म्हणजे कामना पुऱ्या करणाऱ्याच्या. हे मरुत्ताचंच विशेषण.