कंट्रोल टॉवर खासगी झाला तर?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी विमानं उडू लागली, तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एटीसीविषयीचे, म्हणजे विमानांना वाट देणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रणाविषयीचे प्रश्न वाढले आहेत. त्यातले पाच आज घेतो.

प्रश्न : विमानतळ अदानींचा, मग टॉवरमधली माणसंही अदानींचीच का? (उलवे)

नाही. विमानतळाच्या कंपनीत अदानी समूहाचे ७४ टक्के आणि सिडकोचे २६ टक्के आहेत, पण कंट्रोलर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे, म्हणजे एएआयचे. सांताक्रूझचा विमानतळ २००६ मध्ये खासगी हाती गेला, टॉवर गेला नाही. विमानतळ भाडेपट्ट्यानं द्यायची वाट मोकळी करणारं १२अ हे कलम २००३ च्या दुरुस्तीनं एएआय कायद्यात आलं, त्यातच हवाई वाहतूक सेवेला हात लागणार नाही असं लिहिलेलं आहे. म्हणजे इथे टॉवर खासगी करायचा तर तो विषय आधी संसदेत यावा लागेल.

प्रश्न : मी हौशी पायलट आहे, पीपीएल, म्हणजे खासगी पायलटचा परवाना काढलाय. अमेरिकेत उडणाऱ्या माझ्या मित्रांत एटीसीच्या खासगीकरणावरून कडाक्याचे वाद होतात. छोट्या विमानवाल्यांचा इतका विरोध का? (घोडबंदर रोड, ठाणे)

कारण त्यांना दोन गोष्टींची भीती आहे : बिलाची आणि एटीसी चालवणाऱ्या संस्थेच्या संचालक मंडळातल्या मतांची. अमेरिकेत चार सीटच्या विमानाचा मालक एटीसीचा खर्च पेट्रोलवरच्या करातून उचलतो, गॅलनमागे १९.३ सेंट. रेडिओवर मदत मागितली म्हणून वेगळं बिल येत नाही. २०१७ मध्ये खासदार बिल शूस्टर यांनी एटीसी एफएए या सरकारी विमान वाहतूक खात्यातून काढून एका ना-नफा संस्थेकडे द्यायचं विधेयक आणलं. ट्रम्प सरकारचा त्याला पाठिंबा होता. खासगी पायलटांची संघटना एओपीए विरोधात उभी राहिली. विधेयकात छोट्या विमानांना शुल्कमाफी होती, पण नव्या संस्थेच्या मंडळावर एअरलाइन्सचं वजन राहिलं तर आजची माफी उद्या टिकेल याची हमी कोण देणार, हा त्यांचा सवाल.

मला ही भीती रास्त वाटते, आणि ती फक्त खिशाची नाही. माथेरानच्या डोंगरावर ढग उतरायला लागलेत, फ्युएलचा काटा खाली चाललाय, अशा वेळी एकट्या पायलटनं बटण दाबून पहिलं वाक्य बोलून टाकलं पाहिजे. तेव्हा त्याच्या मनात दरपत्रक आलं, तर ती यंत्रणा धोकादायक आहे.

दुसरी बाजू कॅनडाची. तिथे १९९६ मध्ये नॅव्ह कॅनडानं दीड अब्ज कॅनेडियन डॉलर मोजून ही सेवा सरकारकडून घेतली. भागधारक नाहीत, नफा वाटला जात नाही, छोट्या विमानाला वर्षाचं ठरावीक शुल्क पडतं. इतकी वर्षं ती नीट चालली आहे. पण २०२० मध्ये कोविडनं विमानं जमिनीवर बसवली, उत्पन्न आटलं आणि या संस्थेनं शुल्क सरासरी २९.५ टक्क्यांनी वाढवलं. संकटात सापडलेल्या एअरलाइन्सवरच बोजा पडला.

तुमच्या मित्रांच्या वादात बहुधा एक गोष्ट सुटते. २०१७ च्या त्या विधेयकाला कंट्रोलरांच्या युनियनचा, नॅटकाचा पाठिंबा होता. पायलट विरोधात, कंट्रोलर बाजूनं! कारण सरकारी तिजोरीला कुलूप लागलं, म्हणजे शटडाऊन झालं, की पगार थांबतो. विधेयक फेब्रुवारी २०१८ मध्ये बारगळलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ३५ दिवसांचं शटडाऊन सुरू झालं. कंट्रोलर बिनपगारी काम करत राहिले. २५ जानेवारी २०१९ ला कंट्रोलर कमी पडले म्हणून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला येणारी विमानं थोपवावी लागली. शटडाऊन त्याच दिवशी मिटलं.

माझं मत विचाराल तर, भारतात ही सेवा एएआयपासून वेगळी करावी, पण विकू नये. जर्मनीची एटीसी चालवणारी डीएफएस १९९३ पासून कंपनी आहे आणि तिची मालकी पूर्ण सरकारची आहे. तसं महामंडळ, स्वतःच्या शुल्कावर चालणारं, आणि त्याच्या मंडळावर फ्लाइंग क्लबांचा आणि कंट्रोलरांचा माणूस मतासह बसलेला. आपल्याकडे हौशी पायलट मूठभर आहेत, म्हणून ही जागा कायद्यातच लिहून घ्यायला हवी.

प्रश्न : दिल्लीत नोव्हेंबरमध्ये एटीसीची सिस्टीम बसली. खासगी कंपनी असती तर असं झालं असतं का? (ऐरोली, आयटी अभियंता)

झालं असतं, आणि झालेलं आहे. दिल्लीत ७ नोव्हेंबर २०२५ ला फ्लाइट प्लॅन पोचवणारी एएमएसएस यंत्रणा बिघडली, ८०० हून जास्त विमानांना उशीर झाला आणि कंट्रोलर हातानं प्लॅन भरत बसले. यंत्रणा मंदावतात हे कंट्रोलरांच्या संघटनेनं, एटीसी गिल्डनं काही महिने आधी लेखी कळवलेलं होतं. आता ब्रिटन बघा. तिथे एटीसी चालवणाऱ्या नॅट्स कंपनीत २००१ पासून सरकारचा वाटा ४९ टक्के, बाकी एअरलाइन्स वगैरेंचा. २८ ऑगस्ट २०२३ ला तिथे एका फ्लाइट प्लॅनमध्ये एकाच नावाचे दोन वेपॉइंट, म्हणजे मार्गावरचे ठरलेले बिंदू आले, एक फ्रान्समधला आणि एक अमेरिकेतला. मुख्य यंत्रणा थांबली, मागोमाग बॅकअपही थांबला, कारण दोन्हींत प्रोग्रॅम तोच. तुमच्या क्षेत्रातल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. मालक कोणीही असो, बिघाडाची लेखी सूचना आल्यावर ठरलेल्या मुदतीत उत्तर देणं त्याच्यावर बंधनकारक हवं.

प्रश्न : माझे मिस्टर कंट्रोलर आहेत. माणसं कमी, सुट्टी नामंजूर, नाइटमागून नाइट. बोललं तर बदलीची भीती. हे लोक संप का करत नाहीत? (खारघर)

ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. संपाचं आधी सांगतो. अमेरिकेत ३ ऑगस्ट १९८१ ला पॅटको युनियनचे सुमारे १३,००० कंट्रोलर संपावर गेले. मागणी पगाराची आणि ३२ तासांच्या आठवड्याची. सरकारी नोकरांना संपाची बंदी होती. राष्ट्राध्यक्ष रेगननी ४८ तासांची मुदत दिली आणि ११,००० हून अधिक लोकांना काढून टाकलं. त्यांच्यावरची पुनर्भरतीची बंदी १९९३ मध्ये उठली. त्यांच्या जागी जी मोठी भरती झाली, ती माणसं पुढे एकाच सुमाराला निवृत्त व्हायला लागली, म्हणजे त्या संपाची किंमत तिथलं आकाश पंचवीस वर्षांनीही मोजत होतं. आपल्याकडेही ही सेवा अत्यावश्यक आहे, संप केला तर अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा एस्मा कायदा लागू शकतो. पण ज्यांचा संपाचा हक्क काढून घेतला, त्यांचं गाऱ्हाणं ऐकायची सोय दुप्पट मजबूत हवी, आणि ती तशी नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

पोझिशन, म्हणजे कंट्रोलरची कामाची जागा बदलताना काय होतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं. नवा कंट्रोलर आधीच्याच्या मागे उभा राहतो, हेडसेट लावून ऐकतो, कुठलं विमान कुठे, कुणाला काय सांगितलंय, पुढे कोण येणार, हे सगळं ‘पिक्चर’ डोक्यात बसलं की मगच खुर्ची घेतो. सलग रात्री काढलेल्या माणसाला हे पिक्चर बसायला वेळ लागतो, आणि कधी कधी बसल्यासारखं वाटतं पण बसलेलं नसतं. थकवा हा आळस नाही, सुरक्षेतली त्रुटी आहे. विमान वाहतुकीची नियामक असलेल्या डीजीसीएनं ड्यूटीच्या तासांवर आणि विश्रांतीवर मर्यादा घातल्या आहेत त्या याचसाठी.

मिस्टरांना सांगा : ड्यूटी सुरू आणि बंद होण्याची वेळ, प्रत्येक ब्रेक, नामंजूर सुट्टी, रोज वहीत तारखेनिशी लिहा. मर्यादा ओलांडली गेली तर त्याच दिवशी शिफ्टवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, डब्ल्यूएसओंना लेखी द्या आणि पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुरावा म्हणून लंगडं पडतं. डीजीसीएकडे स्वेच्छेनं सुरक्षा अहवाल देण्याची सोय आहे, ती वापरा. तक्रार गिल्डमार्फत आणि शक्यतो चौघापाचांच्या सह्यांनी गेली, तर बदलीचा बडगा एकावर उगारणं अवघड जातं. आणि झोप झाली नसेल त्या दिवशी ‘मी पोझिशनवर बसण्याच्या स्थितीत नाही’ हे सांगणं त्यांचं कर्तव्यच आहे. घरातून तुमचा त्याला पाठिंबा असू द्या.

प्रश्न : मुलगी फिजिक्स घेऊन बीएस्सी करतेय, तिला एटीसीत जायचंय. उद्या खासगीकरण झालं तर? (डोंबिवली)

त्यासाठी थांबू नका. नॅट्स काय नि नॅव्ह कॅनडा काय, मालक बदलला तरी कंट्रोलर लागतातच, आणि सगळीकडे ते कमीच आहेत. एएआयच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह पदासाठी फिजिक्स आणि गणितासह बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग चालतं, तेव्हा तिनं गणित सोडू नये. खुल्या गटाला वयाची मर्यादा २७. मूळ वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,०००. लेखी परीक्षेनंतर आवाजाची आणि वैद्यकीय चाचणी असते. प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाला. इंग्रजी बोलण्याचा सराव आत्तापासून करू द्या, आणि शिफ्टची नोकरी मनापासून झेपेल का, हे तिचं तिला ठरवू द्या.