अमेरिकेत एक्स्चेंजवर शाळेत जाणाऱ्या मुलाने होस्ट फॅमिलीला (ज्या अमेरिकी कुटुंबात तो राहतो त्यांना) राहण्या-जेवणाचे पैसे द्यावे लागतात का?

नाही, जे-१ (एक्स्चेंज कार्यक्रमांचा) व्हिसावर जात असेल तर एक डॉलरही द्यायचा नाही. या व्हिसाच्या नियमांतच आहे की होस्ट फॅमिलीला मुलाला सांभाळण्याचा मोबदला घेता येत नाही. झोपायला स्वतंत्र पलंग आणि घरचं जेवण त्यांनीच द्यायचं. (खोली मात्र स्वतंत्रच मिळेल असं नाही.) माझी भाची वर्षभर अशी राहून आली, तेव्हा हे सगळे कागद मीच वाचले होते. 'घरचं जेवण' म्हणजे काय, हे मात्र आधी विचारून घ्या. तिच्या होस्ट फॅमिलीकडे सकाळी फ्रिज उघडायचा, ब्रेडला पीनट बटर लावायचं आणि डबा आपला आपण भरायचा. शाळेच्या कँटीनमध्ये जेवली, तर पैसे तिचे. मोबाइल, थंडीचे कपडे, सहली, डॉक्टरकडे विम्याबाहेर जाणारी रक्कम हेही आपल्याच खिशातून. तिथे नोकरी करून भागवू म्हणाल तर तेही नाही. शेजाऱ्यांचं गवत कापणं, लहान मूल सांभाळणं अशी अधूनमधूनची कामं चालतात, तेवढीच.

एफ-१ म्हणजे नेहमीच्या विद्यार्थी व्हिसाचं गणित मात्र वेगळं. तिथे होस्ट फॅमिलीला दरमहा पैसे देण्याची पद्धत सर्रास आहे. सरकारी हायस्कूल असेल तर शिक्षणाचा पूर्ण खर्च भरावा लागतो, तोही जास्तीत जास्त १२ महिन्यांसाठी. त्यामुळे एजंटने 'एक्स्चेंज' म्हटलं, तरी व्हिसा कोणता ते आधी विचारा.