वाचकांचे प्रश्न: नव्वद गुणांची संध्याकाळ

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या मैदानावरचं एक छायाचित्र छापलं होतं. वळणावर चार मोटारसायकली, चौघांचाही डावा पाय मातीवर, आणि वळण डावीकडे असूनही चौघांचं पुढचं चाक उजवीकडे. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून इतकी पत्रं आली की या वेळचं सदर ब्रिटनमधल्या स्पीडवे लीगलाच दिलं आहे. स्पीडवे म्हणजे मातीच्या गोल ट्रॅकवरची मोटारसायकलींची शर्यत.

लेक लेस्टरला असते. मे महिन्यात आम्ही दोघं जाणार आहोत. जावई सामना दाखवणार म्हणतात, पण शर्यत मिनिटभरात संपते आणि कोण कोणाकडून पळालं तेच कळत नाही, असं ऐकलं. काय बघायचं? (कराड)

आत शिरताना छापील कार्यक्रमपत्रिका विकत घ्या आणि घरून पेन न्या. तिथले जुने प्रेक्षक प्रत्येक शर्यतीनंतर पत्रिकेतले चौकोन स्वतः भरतात. तुम्हीही भरलेत, तर तिसऱ्या-चौथ्या शर्यतीपासून सामना उलगडायला लागेल.

दोन संघ असतात, प्रत्येकात सात स्वार. कबड्डीचे सात लक्षात ठेवा, म्हणजे आकडा विसरणार नाही. एका शर्यतीला तिकडे हीट म्हणतात. प्रत्येक हीटमध्ये दोन्ही संघांचे दोन-दोन मिळून चार स्वार उतरतात आणि घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात. चेहरे दिसत नाहीत, म्हणून हेल्मेटवरच्या आवरणाचा रंग बघायचा. यजमान संघाचे लाल आणि निळा, पाहुण्यांचे पांढरा आणि पिवळा. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. म्हणजे हीटमागे ६ गुण, आणि १५ हीटचे ९०. पंचेचाळीस-पंचेचाळीस झाले तर बरोबरी, ४६ झाले की सामना खिशात.

खरी गंमत जोडीत आहे. एका संघाचे दोघे पहिले-दुसरे आले तर हीट ५-१ ने जाते. पहिला आणि तिसरा आले तर ४-२. पहिला आणि शेवटचा आले तर ३-३, म्हणजे हीट जिंकूनही संघाच्या हाती काही नाही. म्हणून नजर नुसती पुढच्यावर ठेवू नका. तिसऱ्या जागेसाठी जी झुंज चालते, तिथे सामने फिरतात. पुढे असलेला चांगला स्वार मागे वळून जोडीदार कुठे आहे ते बघतो, आतली वाट स्वतः अडवतो आणि बाहेरून त्याला पुढे यायला जागा देतो. लेकीच्या शेजारी बसून एवढं एक जरी टिपलंत तरी तिकीट वसूल झालं म्हणा.

पत्रिकेत कधी एखाद्या आकड्यापुढे छोटी खूण दिसेल. ती बोनस गुणाची. आपल्याच जोडीदाराच्या पाठोपाठ येऊन प्रतिस्पर्ध्याला मागे टाकलं की तो मिळतो. संघाच्या बेरजेत तो धरत नाहीत, पण स्वाराच्या सरासरीत आणि मानधनात धरतात. जोडीदाराला मागे टाकायच्या नादात दोघांनी एकमेकांचं नुकसान करू नये, यासाठी ही सोय आहे.

दुसरी हीट राखीव स्वारांची असते, ती चहा आणायला जाऊन चुकवू नका. संघातले सर्वांत कच्चे गडी तिथे भिडतात आणि तिथला ५-१ पुढे फेडता फेडता नाकी नऊ येतात. पंधराव्या हीटला दोन्ही व्यवस्थापक त्या दिवशी सर्वांत चाललेले आपले दोघे निवडून उतरवतात.

संध्याकाळी गारठा असतो, स्वेटर असू द्या. पहिल्या वळणापाशी पुढे उभं राहिलात तर अंगावर माती येईल, तीही सवयीची गोष्ट आहे.

ब्रेक नाहीत हे खरं का? मग गाडी वळते कशी? आणि हँडल उलटं कशाला? (विटा, गॅरेज व्यावसायिक)

खरं आहे. पुढे-मागे कुठेच ब्रेक नाही, गिअरही एकच. ५०० सीसीचं एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, ताकद ७० हॉर्सपॉवरच्या वर, आणि गाडीचं वजन नियमाने किमान ७७ किलो. तुमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बुलेटच्या निम्म्याहूनही कमी. पुढचं चाक २३ इंची आणि अरुंद, मागचं १९ इंची.

वळणाच्या थोडं आधी स्वार गाडी डावीकडे झुकवतो आणि अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळलेलीच ठेवतो. मागचं चाक मातीवरची पकड सोडून बाहेरच्या बाजूला घसरतं. गाडीचं तोंड आत वळलेलं, शेपूट बाहेर आलेली. आता हँडल सरळ ठेवलं तर गाडी जागच्या जागी गरकन फिरेल, म्हणून पुढचं चाक घसरण्याच्या दिशेने, म्हणजे उजवीकडे धरावं लागतं. त्यापुढे गाडी कुठे जाणार हे हँडलपेक्षा मूठ जास्त ठरवते. जास्त पिळली की मागचं चाक आणखी बाहेर, थोडी सोडली की गाडी सरळ व्हायला लागते. डाव्या बुटाखाली पोलादी तळवा बांधलेला असतो, तो मातीवरून सरकत तोल राखतो.

घोटाळा होतो तो मूठ एकदम सोडल्यावर. घसरणाऱ्या चाकाला अचानक पकड सापडते, गाडी झटक्यात उभी राहते आणि स्वाराला वरून पलीकडे फेकते. नवशिके घाबरून नेमकं हेच करतात. ब्रेक न देण्याचं कारणही यातच आहे. चौघे एकमेकांपासून हातभर अंतरावर असताना एकाने ब्रेक दाबला तर मागच्यांना चुकवायला जागाच नाही. पडलंच तर इंजिन बंद पडावं म्हणून स्वाराच्या मनगटाला दोरी बांधलेली असते. तो गाडीपासून सुटला की दोरी ओढली जाते आणि ठिणगी तुटते. वळणांवरच्या कुंपणाला हवेच्या गाद्या लावतात.

दोन हीटच्या मध्ये मेकॅनिक काय करतात, असंही तुम्ही विचारलंय. मुख्य काम मागच्या स्प्रॉकेटचं, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचं. माती ओली आणि जड असेल, इंजिनाला ओढ जड जात असेल, तर एका दाताने मोठं स्प्रॉकेट घालतात. सरळ पट्टीवर गाडी कमी पडते असं दिसलं तर लहान. एका दाताचाही फरक सुरुवातीच्या उडीत जाणवतो. शिवाय क्लचच्या प्लेटा तपासायच्या, चेनचा ताण बघायचा, मागच्या टायरची झिजलेली कड बघायची. टायर डावीकडेच झुकून चालतो, त्यामुळे झीज एका अंगाला होते.

ही इंजिनं स्पिरिटवर चालतात म्हणे. आमच्या साखर कारखान्यात इथेनॉल बनतं. ते चालेल का? (इस्लामपूर)

इंधन अल्कोहोलच, पण वेगळं. स्पीडवेत मिथेनॉल वापरतात, उसाच्या मळीपासून निघतं ते इथेनॉल. पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९, मिथेनॉलला ६.४. म्हणजे तेवढ्याच हवेत मिथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त ओतावं लागतं, आणि कार्बोरेटरची जेट, म्हणजे इंधन सोडणारं छिद्र, तेवढी मोठी असते. पेट्रोलच्या जेटवर मिथेनॉल चालवलं तर मिश्रण पातळ होऊन पिस्टनला भोक पडेल. मिथेनॉलच्या जेटवर इथेनॉल चालवलं तर मिश्रण जाड होऊन प्लग ओला होईल.

एवढा खटाटोप कशासाठी? मिथेनॉलची वाफ होताना ते पुष्कळ उष्णता शोषतं. आत जाणारी हवा थंड होते, सिलिंडरमध्ये जास्त मावते. त्याला नॉकिंग, म्हणजे इंधन वेळेआधी आपोआप पेटून ठोके पडणं, सहजी होत नाही, त्यामुळे कॉम्प्रेशन पेट्रोलच्या गाडीपेक्षा बरंच वर नेता येतं. रेडिएटर नसलेलं इंजिन मिनिटभर पूर्ण ताकदीने चालतं आणि तापून बसत नाही, त्याचं श्रेय या इंधनालाच.

तोटेही तितकेच. हवेतलं पाणी ते ओढून घेतं, अॅल्युमिनियमला खातं. रात्रभर कार्बोरेटरमध्ये राहिलं तर सकाळी पांढरी भुकटी साठलेली दिसते. म्हणून सामना संपल्यावर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून थोडं पेट्रोल फिरवून घेतात. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. आग मात्र पाण्याने विझते, कारण ते पाण्यात मिसळतं. आणि कारखान्यात काम करता तेव्हा हे ठाऊक असेलच, तरी लिहितो: मिथेनॉल विष आहे. पोटात थोडंसं गेलं तरी डोळे जातात, जीव जातो, आणि ते कातडीतूनही शिरतं. प्रयोग म्हणून घरात आणू नका.

आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतीत फाटी चिठ्ठी टाकून ठरते. तिथे कसं? आणि कोणी आधीच सुटला तर? (खटाव तालुका)

तिथे चार जागा असतात, आतून बाहेर १ ते ४. कोणत्या हीटला कोण कुठून सुटणार हे पत्रिकेत आधीच छापलेलं असतं. एका संघाला १ आणि ३ मिळाल्या तर दुसऱ्याला २ आणि ४, आणि सामनाभर त्यांची अदलाबदल होते.

कोणती जागा चांगली हे मात्र रात्रभर बदलत जातं, आणि फाटीवरची माती वाचणाऱ्या तुमच्यासारख्या माणसाला हे लगेच पटेल. सुरुवातीला आतली जागा बरी, अंतर कमी पडतं. चाकं सैल माती बाहेर फेकत जातात. चार-पाच हीटनंतर आतली कड गुळगुळीत होते, बाहेर मातीचा पट्टा साचतो, आणि आत चाक नुसतं फिरत असताना बाहेरचा स्वार पकड घेऊन वरून निघून जातो. मग ट्रॅक्टर येऊन माती पुन्हा आत ओढतो, वर पाणी मारतात, आणि गणित पुन्हा बदलतं.

सुटण्याआधी स्वार बुटाने आपल्या जागेची माती उकरताना दिसतील. मागच्या चाकाला बसायला घट्ट खाच करून घेतात. हाक आल्यावर दोन मिनिटांत तयार व्हावं लागतं. समोर आडव्या फिती ताणलेल्या असतात, पंच बटण दाबतो तशा त्या वर उडतात. फितीला आधीच धडकला तो त्या जागेवरून बाद. त्याच्या जागी राखीव गडी उतरवता येतो, नाहीतर त्यालाच १५ मीटर मागून सोडतात. पहिल्या वळणावर चौघांची गर्दी होऊन कोणी पडला आणि दोष एकाचा ठरवता आला नाही, तर चौघांनाही पुन्हा सोडतात. नंतर मात्र ज्याच्यामुळे शर्यत थांबली तो बाहेर.

एकच स्वार एका आठवड्यात दोन वेगळ्या संघांकडून पळाला, असं वाचलं. ही फसवणूक नाही का? (तासगाव)

नाही, नियमात बसतं. तिथले स्वार स्वतःची गाडी, स्वतःचा मेकॅनिक घेऊन येतात आणि गुणांमागे पैसे घेतात. ब्रिटनसोबत पोलंड, स्वीडन अशा लीगमध्ये एकाच हंगामात पळणारेही पुष्कळ. ब्रिटनमध्येच प्रीमियरशिप ही वरची लीग आणि चॅम्पियनशिप ही खालची. दोन्हींत एकेका संघाकडून पळायची मुभा असते. शिवाय एखादा मुख्य स्वार जायबंदी झाला, तर त्याच्या सरासरीइतका किंवा कमी सरासरीचा दुसऱ्या संघाचा स्वार एका सामन्यापुरता पाहुणा म्हणून घेता येतो. दुसरा मार्ग म्हणजे त्याच्या हीट आपल्याच इतर गड्यांत वाटणे.

सरासरी काढायची रीत सोपी आहे. गुण आणि बोनस यांची बेरीज, भागिले हीट, गुणिले ४. एखाद्याने पाच हीटमध्ये १० गुण आणि २ बोनस मिळवले तर १२ भागिले ५, गुणिले ४, म्हणजे ९.६०. १२ च्या वर कोणी जाऊच शकत नाही.

हंगामाआधी संघ बांधताना सातही जणांच्या सरासरीची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसवावी लागते. समजा मर्यादा ४० आहे. ९, ७.५, ६.५, ६, ५, ४ आणि २ असे सात घेतले की ४० भरले. आता ९ चा आणखी एक हवा असेल तर खालून कोणीतरी कापावा लागतो. म्हणून पैसेवाला क्लब सगळे हिरे एका माळेत ओवू शकत नाही. आमच्या मते या लीगचा सर्वांत शहाणपणाचा नियम हाच. ज्याची सरासरी गेल्या वर्षी दुखापतीने घसरली पण जो आता बरा झालाय, असा स्वार हेरणं हे व्यवस्थापकाचं खरं कसब.

हंगाम केवढा असतो आणि विजेता कसा ठरतो? (वाई)

साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबर. प्रत्येक संघ दुसऱ्याशी घरी आणि त्याच्या मैदानावर भिडतो. वरचे चार उपांत्य फेरीत, तिथे आणि अंतिम फेरीत दोन-दोन सामन्यांची बेरीज. २०२३ मध्ये शेफिल्ड टायगर्स जिंकले, वरच्या लीगचं त्यांचं हे पहिलंच विजेतेपद. २०२४ मध्ये मँचेस्टरचा बेल व्ह्यू संघ.

ब्रिटनमधली सुरुवात १९ फेब्रुवारी १९२८ ला एपिंगच्या जंगलातल्या हाय बीच इथे धरतात, आणि पुढच्याच वर्षी लीग सुरू झाल्या. मात्र संघ टिकतात ते मैदान टिकलं तर. २०२३ च्या हंगामानंतर पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन या दोन्ही संघांची मैदानं गेली आणि २०२४ च्या लीगमध्ये ते नव्हते. ऑक्सफर्ड आणि बर्मिंगहॅम वरच्या लीगमध्ये नव्याने आले म्हणून संघ सातचे सातच राहिले. प्रेक्षक असूनही जमिनीच्या भावापुढे खेळ हरतो, हे बघून वाईट वाटतं.

आमच्या माळावर असा ट्रॅक करता येईल का? बुलेटवर सराव करू. (मिरज, इयत्ता बारावी)

बुलेटवर नको. वजन जास्त, मागचं चाक घसरलं की सावरत नाही, आणि पडलास तर ती अंगावर येते. साध्या गाडीचे ब्रेक काढणं तर अजिबात नको.

मातीचं मात्र विचारलंस ते चांगलं केलंस. काळी माती निरुपयोगी, पाणी लागलं की चाकाला गोळे होतात आणि सुकली की भेगा. तिथे खाली घट्ट दाबलेला थर आणि वर चाळलेल्या बारीक दगडमातीचा सैल थर असतो. आपल्याकडे त्याच्या जवळचा म्हणजे चाळलेला तांबडा मुरूम. मोठा खडा एकही राहता कामा नये, मागच्या स्वाराला तो गोळीसारखा लागतो. तिथे मागच्या चाकामागे खाली माती अडवणारी पट्टी लावतात, ती त्यासाठीच. नियमाने ट्रॅकची लांबी २६० ते ४२५ मीटर. ३०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या सुमारे मिनिटात होतात, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरची सरासरी, आणि तीही वळणं धरून.

तुला हा खेळ शिकायचाच असेल तर आधी सायकल घे. ब्रिटनमध्ये सायकल स्पीडवे नावाचा खेळ आहे. लहान मातीचा ट्रॅक, चार जण, चार फेऱ्या, सायकलला ब्रेक नाही, गिअर एक. वळणावर डावा पाय टेकवणं, सुटताना उडी घेणं, जोडीदारासाठी वाट सोडणं हे सगळं त्यात येतं. मुरमाचा छोटा गोल आखा, मध्ये आणि बाहेर जुने टायर लावा, हेल्मेट, हातमोजे आणि गुडघ्याची कवचं घाला. आणि पाणी ट्रॅकवर सकाळी मार, पळायच्या ऐन आधी नको. वरचा थर निसरडा आणि खालचा कोरडा राहिला की सगळे पहिल्याच वळणावर पडतात.