कोण कुणाला घेऊन आलंय?

प्रिय,

एमए झालं की 'सर्व वयोगटांसाठी समुपदेशन' अशी पाटी लावणार म्हणतेस. लाव की. दादरला माझ्या दारावरही तेच लिहिलंय. फक्त नावाखाली 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' घालू नकोस. त्याला वेगळं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसत्या एमएवर ते बिरुद मिळत नाही.

आता वयांचं. कुठल्या वयाला कुठली थेरपी, हे तू वाचलेलं आहेस. मी मात्र आधी बघते, कोण कुणाला घेऊन आलंय. तिशीतला माणूस बहुधा आपल्या पायांनी येतो. सात वर्षांचं मूल आणि पंचाहत्तरीचे आजोबा यांना कुणीतरी आणलेलं असतं. आणणाऱ्याची तक्रार एक, आणलेल्याचं दुखणं भलतंच.

'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून आणलेला एक मुलगा आठवतो (तपशील बदललेत, तुलाही ही सवय लागू दे). मी काही विचारलं नाही, क्ले पुढे ठेवला. त्याने एक चपटी पोळी थापली, 'ही खोली.' तीन गोळ्या आत, एक पार कडेला. 'बाबा. भांडण झालं की ते गॅलरीत झोपतात.' पुढची तीन सेशन्स मी आईवडिलांबरोबर केली.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत मी सुरुवातीलाच आपटले. पंधरा वर्षांच्या मुलीची आई जिन्यात रडत म्हणाली, 'एवढंच सांगा, कोणी मुलगा आहे का?' मला राहवलं नाही, मान हलवली. नुसती मान! पुढच्या आठवड्यात मुलगी आली, तासभर पंख्याकडे बघत बसली, आणि गेली ती कायमची. तेव्हापासून पहिल्याच भेटीत पालक आणि मूल दोघांना समोरासमोर बसवून सांगते, इथलं इथेच राहील. अपवाद म्हणजे जिवाला धोका, आणि लैंगिक अत्याचार. अठराच्या आतल्या मुलाबाबत तसं कळलं तर 2012च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं. हे आधी सांगितलं नाहीस, तर नंतर कळवणं म्हणजे मुलाला दगा वाटतो.

म्हाताऱ्या माणसांशी लाडेलाडे बोलू नकोस. मुलगा-सून उत्तरं द्यायला लागली तर त्यांना बाहेर चहाला पाठव. आणि विसरायला लागलेत म्हणून 'वय झालं' असा शिक्का मारू नकोस. बी-12ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, यानेही असं होतं. आधी डॉक्टर, मग आपण.

मुंबईत अजून एक भानगड आहे, बोलायला जागाच नसते. माझा एक कॉलेजवाला इमारतीच्या जिन्यातून फोनवर बोलतो. कुणी वर यायला लागलं की तो 'असाइनमेंट' म्हणतो, आणि मी फक्त हो-नाहीत उत्तर येईल असेच प्रश्न विचारते. हे कुठल्या सिलॅबसमध्ये नसतं.

जीव द्यायची भाषा ऐकू आली तर थेट विचार. विचारल्याने ती कल्पना डोक्यात घातली जात नाही. अशी केस एकटीने ओढू नकोस, मानसोपचारतज्ज्ञाला सोबत घे. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 त्यांच्या फोनमध्ये तुझ्यासमोर सेव्ह करून घे.

शनिवारी तीननंतर मी मोकळी असते. पाटी रंगवायला टाकायच्या आधी मजकूर घेऊन ये.

तुझी,
ताई